सराव शिक्षकाचा, तास मुलांचा

प्रत्येक व्यवसायाला उमेदवारीचा काळ असतो. सुतार आधी टाकाऊ लाकडावर रंधा चालवून पाहतो, शिंपी चिंध्यांवर टाके घालतो, टंकलेखक शिकणारा मनुष्य कागदामागून कागद खर्ची घालून बोटांना वळण लावतो. या उमेदवारीत जे बिघडते ते फेकून देता येते. शिक्षकाच्या उमेदवारीत मात्र फेकून देण्याजोगे काहीच नसते. ज्यांच्यावर त्याने हात बसवावयाचा ती चाळीस-पन्नास जिवंत मुले असतात, आणि त्यांच्या वाट्याला आलेला तास एकदाच येतो. शिकाऊ शिक्षकाला तो पाठ सरावाचा वाटतो. मुलांच्या दृष्टीने तो खराखुरा तास असतो. अध्यापक महाविद्यालयांच्या परिभाषेत ‘सराव पाठ’ हा शब्द इतका रुळून गेला आहे की, त्यातील सराव कोणाचा आणि पाठ कोणाचा हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

हे ऋण कसे फेडावयाचे? शिक्षणशास्त्राने त्यावर एक उपाय सुचविला आहे. पाठ संपल्यावर शिकाऊ शिक्षकाने एकान्तात बसून त्या पाठाचा विचार करावा आणि तो लिहून ठेवावा, हा तो उपाय. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, खरा विचार हा अडचणीतून, संभ्रमातून जन्माला येतो, असे प्रतिपादन केले होते. पुढे १९८३ साली डोनाल्ड शॉन यांनी, कुशल व्यावसायिक हा काम करता करताही विचार करतो आणि काम संपल्यावरही करतो, हे अनेक व्यवसायांची उदाहरणे देऊन दाखविले. ही विचारसरणी आपल्याकडेही आली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड.चा एक वर्षाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. शाळेतील प्रत्यक्ष अनुभवासाठी त्यात वीस आठवडे राखून ठेवण्यात आले. आणि पाठटाचणांच्या वहीशेजारी चिंतनाची वहीही येऊन बसली. ही वही कशी भरते, आणि ती भरल्याने कोणाचे काय साधते, हे पाहण्यासारखे आहे.

त्यासाठी एक छात्राध्यापिका डोळ्यांसमोर आणावी. तालुक्याच्या गावातील मराठी माध्यमाची शाळा, इयत्ता आठवी, विषय इंग्रजी. ती स्वतः मराठी शाळेतच शिकली आणि महाविद्यालयात इंग्रजी साहित्य घेऊन पदवीधर झाली. वाचलेले तिला समजते, लिहिताही येते. परंतु सलग पस्तीस मिनिटे इंग्रजीत बोलण्याचा प्रसंग यापूर्वी तिच्यावर कधी आलेला नाही. ही कोणी एक नाव-गाव असलेली व्यक्ती नव्हे. तिच्यासारख्या पुष्कळांचे आठवडे तिच्या एका आठवड्यात एकवटले आहेत, एवढेच समजावे.

सोमवारच्या पाठाचे टाचण तिने रविवारी रात्री जागून काढले. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. या चाकोरीमागे योहान फ्रीडरिश हर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञाच्या विचारांची छाप आहे. त्याचा मृत्यू १८४१ साली झाला. त्याच्या अनुयायांनी बांधून दिलेल्या पायऱ्या मात्र आपल्या अध्यापक महाविद्यालयांतून पिढ्यानपिढ्या चढल्या-उतरल्या गेल्या. नवशिक्याला या पायऱ्यांचा आधार वाटतो यात नवल नाही. अंधाऱ्या जिन्यात कठडा असावा तसे ते टाचण हातात धरून तिने पाठ घेतला. चित्रे दाखविली, शब्दपट्ट्या फळ्यावर लावल्या, कठीण शब्दांचे अर्थ सांगितले. मधून मधून ती विचारी, “समजलं का?” आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणे, “हो, मॅडम.” घंटा होण्यापूर्वी दोन मिनिटे गृहपाठसुद्धा सांगून झाला.

त्या संध्याकाळी तिने वहीत लिहिले, ‘आवाज स्पष्ट होता. फलकलेखन नीटनेटके झाले. शैक्षणिक साधनांचा योग्य वापर केला. पाठ वेळेत पूर्ण झाला. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्स्फूर्त होता.’

या पाच वाक्यांत खोटे काहीच नाही. परंतु पहिल्या चारांत ती स्वतः आहे आणि विद्यार्थी फक्त पाचव्यात आले आहेत. तेही ‘उत्स्फूर्त’ या विशेषणाच्या कुबडीवर. एका सुरातला होकार हा उत्स्फूर्त प्रतिसाद नव्हे. तो शाळेतील शिष्टाचार आहे. ज्याला समजले तो हो म्हणतो, आणि ज्याला समजले नाही तो त्याच्याहून मोठ्याने हो म्हणतो. नवशिक्याचे पहिले चिंतन असे आरशासमोर उभे राहून केलेले असते. ते स्वाभाविकही आहे. जो प्रथमच रंगमंचावर उभा राहतो त्याला प्रेक्षकांचे चेहरे दिसत नाहीत. डोळ्यांवर येणारा प्रकाश तेवढा दिसतो.

मंगळवारी वर्गाच्या मागे शाळेतील ज्येष्ठ शिक्षक येऊन बसले. त्यांनी लांबलचक शेरा लिहिला नाही. एका कागदावर वर्गातील बाकांचा आराखडा काढला आणि जो मुलगा किंवा जी मुलगी उत्तर देईल तिच्या जागेवर एक खूण केली. तास संपल्यावर तो कागद त्यांनी निमूटपणे तिच्या हाती दिला. सतरा प्रश्नांपैकी तेरांची उत्तरे पुढच्या दोन बाकांवरील पाच मुलांनी दिली होती. मागचा निम्मा वर्ग कोराच होता. कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी एवढेच लिहिले होते, ‘प्रश्न विचारल्यावर थोडे थांबावे.’

हे ‘थोडे’ म्हणजे किती, याचे मोजमाप झालेले आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण करून, प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरीने जेमतेम एक सेकंद थांबतात, असे दाखवून दिले होते. तेवढ्यात उत्तर आले नाही तर शिक्षक प्रश्न पुन्हा विचारतो, दुसऱ्याकडे वळतो किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. हीच वाट पाहण्याची वेळ तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केली, तर उत्तरे लांब येतात, अधिक मुले बोलू लागतात, आणि मंद समजली जाणारी मुलेही तोंड उघडतात, असे त्यांना आढळले. १९७० च्या दशकातील त्यांचे हे काम आजही शिक्षकांना सांगितले जाते.

परभाषेच्या तासाला तर एक सेकंद म्हणजे चेष्टाच होय. मुलाने इंग्रजी प्रश्न ऐकावयाचा, तो मनात मराठीत उलगडावयाचा, उत्तर मराठीत शोधावयाचे आणि ते पुन्हा इंग्रजीच्या साच्यात घालावयाचे. आपल्या वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ हजर व्हावे लागते. म्हणजे सारे वाक्य मनात उलटे-सुलटे करून घेणे आले. हा प्रवास तीन सेकंदांत झाला तरी पुष्कळ म्हणावयाचे. शांतता पसरली की नवशिक्या शिक्षिकेला वाटते, पाठ कोसळला. वस्तुतः त्या क्षणी वर्गात सर्वांत अधिक काम चाललेले असते.

त्या दिवशीच्या टिपणात प्रथमच एक संख्या आली. ‘सतरातील तेरा प्रश्न पाच जणांनी सोडविले. मागील बाकांवरील कोणाचीही नावे मला ठाऊक नाहीत.’ हे वाक्य फलकलेखनाच्या स्तुतीइतके सुबक नाही. पण ते आरशातून खिडकीकडे वळलेले आहे.

बुधवारी तपासण्यासाठी वह्या आल्या. विषय होता ‘माझे कुटुंब’. लाल शाईचे पेन घेऊन ती बसली, आणि पहिल्याच वहीत तिला वाक्य दिसले, ‘माय फादर आर फार्मर. दे वर्क इन फील्ड.’ तिने सवयीने ‘आर’वर काट मारली, ‘इज’ लिहिले. ‘दे’वर काट मारली, ‘ही’ लिहिले. दुसऱ्या वहीतही तेच. चौथ्या वहीत तेच. सातव्या वहीपाशी तिचे पेन थांबले. एकाच ठिकाणी इतक्या जणांचा तोल जातो, तेव्हा दोष पायांचा नसतो. तेथे जमिनीला काही उतार असला पाहिजे.

तो उतार मराठीचा होता. ‘माझे वडील शेतकरी आहेत. ते शेतात काम करतात.’ मराठीत वडिलांना एकवचन लावता येत नाही. लावले तर तो व्याकरणाचा दोष ठरण्याआधी उद्धटपणा ठरतो. त्या मुलीने ‘आर’ लिहिले ते अज्ञानाने नव्हे. तिने इंग्रजी वाक्यातसुद्धा वडिलांचा मान राखला होता. ‘फार्मर’च्या आधी तिने ‘अ’ लिहिला नाही, कारण मराठीला त्या जागी काही लिहावे लागत नाही. दुसऱ्या एका वहीत ‘डिड ही वेंट?’ असा प्रश्न होता. गोष्ट भूतकाळातील आहे, मग क्रियापद भूतकाळी नको का? त्या मुलाने नियम मोडला नव्हता. नियम दोनदा पाळला होता.

भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ साली एका प्रसिद्ध निबंधात हाच विचार मांडला. घाईत, थकव्यात होणारी चूक वेगळी आणि पुन्हा पुन्हा त्याच तऱ्हेने होणारी चूक वेगळी. दुसऱ्या प्रकारची चूक ही शिकणाऱ्याच्या मनात भाषेचे कोणते नियम तयार झाले आहेत, याची साक्ष असते. शिक्षक आपला अभ्यासक्रम शिकवीत असतो, आणि मूल आतल्या आत स्वतःचा अभ्यासक्रम चालवीत असते. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या अवस्थेला नाव दिले. स्वभाषा आणि परभाषा यांच्या मधोमध शिकणारा स्वतःची एक तिसरी भाषा रचतो. तिला तिचे स्वतःचे व्याकरण असते. लाल शाई ते व्याकरण पुसून टाकते. चिंतन ते वाचू लागते.

यातून एक गोष्ट उघड होते, आणि ती इंग्रजीच्या शिक्षकांना क्वचितच सांगितली जाते. इंग्रजी शिकविणाऱ्याने मुलांच्या भाषेचा अभ्यासक असले पाहिजे. इंदूर किंवा दिल्लीच्या शाळेत हिंदी बोलणारे मूलही वडिलांना आदरार्थी अनेकवचन लावील, कारण हिंदीची रीत मराठीसारखीच आहे. बंगाली मूल तेथे कदाचित अडणार नाही. पण बंगालीच्या सर्वनामांत स्त्री-पुरुष भेद नसल्यामुळे ते ‘ही’ आणि ‘शी’ यांच्यात घोटाळा करील. मराठी मुलाचे कान आणि जीभ यांचीही अशीच गंमत आहे. आपण लिहिताना व्हिक्टोरिया ‘व्ह’ने आणि विल्यम ‘व’ने लिहितो, म्हणजे इंग्रजीतील दोन ध्वनी आपल्या लिपीने मोठ्या कसोशीने वेगळे ठेवले आहेत, बोलताना मात्र दोहोंमधील अंतर पुष्कळदा नाहीसे होते. हे सर्व ज्या शिक्षिकेला ठाऊक आहे तिला मुलाची चूक ऐकू येण्याआधी तिची वाट दिसते.

बुधवारी रात्री तिने वहीत चुकांची यादी केली नाही. चुकांची कारणे लिहिली. आणि सर्व वह्यांखाली सही करताना एका वहीपाशी तिला समाधान वाटले. त्या वहीतील अक्षर मोत्यासारखे होते, फळ्यावरचा शब्द न् शब्द बिनचूक उतरविलेला होता. तिने तिच्याखाली इंग्रजीत ‘फार छान’ असा शेरा लिहिला.

गुरुवारी तिने टाचणाचा कठडा थोडा सोडून पाहिला. वर्गात मराठी बोलावे की बोलू नये, हा इंग्रजीच्या शिक्षकांमधील फार जुना वाद आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या, त्यांनी इंग्रजी शिकले ते मराठी वाक्याच्या शेजारी इंग्रजी वाक्य ठेवून. पुढे प्रत्यक्ष पद्धतीचे वारे आले आणि मातृभाषेला वर्गाबाहेर उभे करण्यात आले. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९२० च्या दशकात, बंगालमधील मुलांना प्रथम वाचनाची गरज आहे, असे सांगून मोजक्या शब्दांची वाचनमाला तयार करण्याकडे लक्ष वळविले. १९५८ साली हैदराबाद येथे इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था निघाली. २००७ मध्ये तिला केंद्रीय विद्यापीठाचे रूप मिळाले. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील काही शाळांत एक वेगळाच प्रयोग केला. त्यांनी व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवले आणि मुलांना सोडविण्याजोगी कोडी दिली. नकाशा वाचा, रेल्वेचे वेळापत्रक पाहा, अमुक गाडी चुकली तर तमुक ठिकाणी केव्हा पोहोचाल ते सांगा. मन अर्थाच्या मागे लागले की भाषा आपसूक अंगवळणी पडते, अशी त्यामागची धारणा होती.

तिने रेल्वेऐवजी एस.टी.चे वेळापत्रक घेतले. गावांची नावे इंग्रजी अक्षरांत लिहिली, पाच-पाच मुलांचे गट केले आणि सांगितले, “आपसांत मराठीत बोललात तरी चालेल, उत्तर मात्र इंग्रजीत हवं.” वर्गात गलका झाला. पण तो कामाचा गलका होता. मागच्या बाकांवरील मुले प्रथमच पुढे वाकली, कारण कोणती गाडी कुठे बदलावी लागते हे ज्ञान त्यांच्यापाशी पुढच्या बाकांहून अधिक होते.

त्या गलक्यातच एका गटापाशी ती थांबली. कागद एका मुलाच्या हाती होता आणि तो वाचण्याऐवजी सोबत्यांच्या तोंडाकडे पाहत होता. शेजारची मुलगी सहजपणे म्हणाली, “मॅडम, त्याला वाचता येत नाही. तो नुसतं उतरवतो.”

तो मोत्यासारख्या अक्षराचा मुलगा होता.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. म्हणजे आठवीतील या मुलाच्या पाठीशी इंग्रजीच्या सात इयत्ता होत्या. सात वर्षे त्याने फळ्यावरील आकृती वहीत उतरविल्या, जशी एखादी रांगोळी पाहून काढावी. सात वर्षे त्याची वही स्वच्छ होती, म्हणून सात वर्षे तिच्याखाली सह्या होत गेल्या. आठवी सही तिची होती, आणि त्याखाली ‘फार छान’ हेही तिचेच शब्द होते. वर्गातील प्रत्येक मुलाला जे ठाऊक होते, ते फक्त शिक्षकांना ठाऊक नव्हते. तो मुलगा लपवीत होता असे नव्हे. त्याला कोणी विचारलेच नव्हते.

शुक्रवारी तिच्यापुढे खरी अडचण उभी राहिली. ड्यूई ज्याला संभ्रम म्हणतात तो हाच. शनिवारी महाविद्यालयातील प्राध्यापक पाठाचे निरीक्षण करावयास येणार होते. त्या पाठाला गुण होते. विषय ठरलेला होता, कर्मणी प्रयोग. टाचण मंजूर झालेले होते, तक्ते तयार होते. ते तक्ते लावून, पुढच्या पाच मुलांना प्रश्न विचारून पाठ बिनबोभाट पार पडला असता. सोमवारी तिची बदली दुसऱ्या वर्गावर व्हावयाची होती. म्हणजे या वर्गाशी तिचा संबंध एवढाच उरला होता. तो मुलगा आणि त्याच्यासारखे आणखी तीन-चार जण (गुरुवारी त्या कागदाने तेही उघडे पडले होते) यांच्यासाठी काही करावयाचे, तर मंजूर टाचण मोडावे लागणार होते. न करावे, तर वहीत ‘वाचनात मागे असलेल्या विद्यार्थ्यांकडे भविष्यात विशेष लक्ष देईन’ असे एक डौलदार वाक्य लिहून मोकळे होता येणार होते. चिंतनवहीलाही गुण असतात, आणि परीक्षकांना असे वाक्य आवडते हे तिला ठाऊक होते.

येथे या चिंतनाच्या उपायातील मर्म आणि धोका दोन्ही दिसतात. ज्या कबुलीला गुण मिळतात ती कबुली हळूहळू सादरीकरण बनते. शिक्षणाच्या इतिहासात याचा मोठा दाखला आहे. इंग्लंडमध्ये १८६२ च्या नियमावलीने प्राथमिक शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन आणि गणित यांच्या परीक्षेवर अवलंबून ठेवले. निरीक्षक येणार, मुलाला वाचावयास लावणार आणि त्यावर पैसे ठरणार. परिणाम व्हावयाचा तोच झाला. मुले वाचनाचे पुस्तक तोंडपाठ करू लागली. कवी मॅथ्यू अर्नोल्ड हे १८५१ पासून १८८६ पर्यंत, तब्बल पस्तीस वर्षे, सरकारी शाळा-निरीक्षक होते. या पद्धतीने शिक्षण यांत्रिक बनते, असे त्यांनी आपल्या शासकीय अहवालांतूनच परखडपणे लिहिले. त्या शतकाच्या अखेरीस ती पद्धत सोडून देण्यात आली. शाळेने निरीक्षकाकडे पाहावयास सुरुवात केली की मुलांकडे पाठ होते, हा त्यातील धडा. चिंतनाची वहीही निरीक्षकासाठी लिहिली जाऊ लागली, तर तीही तोंडपाठच होणार.

यात निरीक्षकांचाच दोष काढणे अन्यायाचे होईल. एकेका प्राध्यापकाकडे पुष्कळ छात्राध्यापक असतात. एका तासात त्याने जे पाहावे त्यावर गुण द्यावेत, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. त्याला तक्ता दिसतो, आवाज ऐकू येतो, घड्याळ समोर असते. सात वर्षे न वाचलेला मुलगा त्याला दिसावा कसा? तो सोमवारी तिलाही दिसला नव्हता.

शनिवारी सकाळची शाळा होती. तिने कर्मणी प्रयोग सोडला नाही. त्याचा निम्मा भाग घेतला. उरलेल्या वेळात तिने गुरुवारचेच वेळापत्रक पुन्हा बाहेर काढले आणि वाचू शकणाऱ्या मुलाशेजारी न वाचू शकणारा, अशा जोड्या लावल्या. काम एवढेच, की आपल्याला ठाऊक असलेल्या गावांची नावे कागदावर शोधून त्यांचे पहिले अक्षर ओळखावयाचे. गावाचे नाव कानाला पाठ होते. आता ते डोळ्याला दाखवावयाचे होते. चमत्कार काही झाला नाही. त्या मुलाने चार गावे शोधली, एक चुकविले. परंतु फळ्यावरून न उतरविता, कागदावरील आकृतीत आवाज असतो हे त्याने चार वेळा स्वतः पडताळून पाहिले. उत्तर देताना तो फार वेळ गप्प होता. ती थांबली. मागे बसलेल्या प्राध्यापकांनी घड्याळाकडे पाहिले, तरीही ती थांबली.

निरीक्षणाच्या वहीत शेरा आला, ‘आशय अपूर्ण राहिला. वेळेचे नियोजन सुधारावे.’ नियमाप्रमाणे तो शेरा बरोबरच होता, आणि तिने त्याखाली सही केली. गुण किती गेले हे महत्त्वाचे नाही. ते गेले ही गोष्ट मात्र लपविण्यासारखी नाही. खऱ्या चिंतनाला किंमत पडते. ज्या चिंतनापायी काहीच मोजावे लागत नाही, उद्याचे टाचण बदलत नाही, ठरलेल्या वेळेतून दहा मिनिटे जात नाहीत, ते चिंतन म्हणजे कालच्या पाठाचे सुंदर अक्षरात केलेले आणखी एक उतरवून घेणेच होय. वाचता न येता सुरेख लिहिणाऱ्या त्या मुलात आणि पाठ न वाचता सुरेख चिंतन लिहिणाऱ्या शिक्षकात फारसा फरक नाही.

घरी जाण्यापूर्वी तिने आणखी एक काम केले, आणि आठवड्यातील सर्वांत मोलाचे काम बहुधा तेच असावे. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाणारा मनुष्य कार्यभार सोपविताना अपुऱ्या कामांची यादी मागे ठेवून जातो. नाहीतर त्याच्याबरोबर त्या कामांची माहितीही निघून जाते. तिने तशीच एक यादी केली. पाच मुलांची नावे, प्रत्येकाला कोणती अक्षरे ओळखता येतात, कोणती येत नाहीत, कोणाला कोणाच्या शेजारी बसविल्याने लाभ झाला, आणि आदरार्थी बहुवचनापायी किती जण ‘आर’ लिहितात. तो कागद तिने वर्गाच्या नेहमीच्या शिक्षकांच्या हाती दिला. आपल्या चिंतनवहीत तो लावला नाही. लावला असता तर कदाचित गुण वाढले असते. पण वही महाविद्यालयात जाणार होती, आणि मुले शाळेतच राहणार होती.

शिकाऊ शिक्षकाचे चिंतन कोणत्या कसोटीवर घासून पाहावे, याचे उत्तर या कागदात आहे. त्यात किती ग्रंथकारांची नावे आली, किती नम्रपणे दोष कबूल केले, हे पाहू नये. त्यात मुलांची नावे किती आली ते पाहावे. पाठ कसा झाला, या प्रश्नापासून त्याची सुरुवात होणारच. परंतु कोण बोलले नाही, का बोलले नाही आणि उद्या त्यासाठी काय बदलणार, या प्रश्नांपर्यंत ते पोहोचले पाहिजे. हर्बार्टच्या पायऱ्या, रो यांची तीन सेकंदे, कॉर्डर यांची चुकांविषयीची दृष्टी, प्रभूंची वेळापत्रके ही सर्व साधने त्या प्रवासातील शिदोरी होत. ती बरोबर असावीत, पण शिदोरी म्हणजे मुक्काम नव्हे.

सरावासाठी दिलेला तास मुलांनी शिक्षकाला उसना दिलेला असतो. त्यांना ते ठाऊक नसते, आणि ती तो परतही मागत नाहीत. म्हणूनच तो फेडण्याची जबाबदारी अधिक मोठी ठरते. सोमवारी ती नव्या वर्गावर जाईल. तिचा आवाज तोच असेल, फलकलेखन तसेच नीटनेटके असेल. फक्त हजेरीपट हाती आल्यावर ती मागच्या बाकावरील नावे आधी पाठ करील, आणि “समजलं का?” असे विचारण्याऐवजी एखाद्याला म्हणेल, “वाचून दाखव बरं,” आणि थांबेल.